पुढचे तीन महिने

पाळणा जागेवर नव्हता. मुलगा सलिल व्हिडिओ कॉलवर फोन हातात घेऊन चालू लागला की आधी खिडकी दिसायची, खिडकीबाहेरचं पानं झडलेलं झाड, मग पाळण्याची कड आणि मग नातीचं, श्रियाचं, डोकं, या क्रमाची मंदाकिनीला गेल्या तीन महिन्यांत सवय झाली होती. आज सलिल खिडकीकडे वळलाच नाही. तो उलट्या बाजूला गेला, स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये, आणि तिथं भिंतीला चिकटवून पाळणा ठेवलेला. श्रिया झोपली होती. मंदाकिनीनं चहाचा कप ओट्यावर ठेवला. "अरे, तिथं कशाला ठेवलंत तिला? ना उजेड ना वारा." "इथं ऊब जास्त आहे गं," सलिल म्हणाला, आणि लगेच त्यानं विचारलं की बाबांचा गुडघा कसा आहे. मागून वैशाली दुधाची बाटली हलवत गेली. वैशाली तिची सून. आधी अंगावर पाजायची, आता बाटलीची सवय लावत होती, कारण तिला प्रयोगशाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. शालनताईंचा, म्हणजे वैशालीच्या आईचा, आवाज आला, "मंदाताई, चहा झाला का?" मंदाकिनी म्हणाली, "झाला की." सगळं रोजच्यासारखं होतं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की चहा अर्धासुद्धा प्यायला नव्हता.

ऊब नव्हे, भिंती. मागच्या हिवाळ्यात सलिलनंच सांगितलं होतं, हसत हसत. त्याच्या ऑफिसात युक्रेनमधून आलेली एक बाई होती. ती म्हणायची, वरून काही पडलं तर आपण आणि रस्ता यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात. पहिली फुटते, दुसरी अडवते. तेव्हा मंदाकिनीनं "काहीतरीच बोलतोस" म्हणून विषय बदलला होता. पण भित्र्या माणसाची स्मरणशक्ती फार चांगली असते. नको ते सगळं जपून ठेवते. मंदाकिनी लिफ्टला भ्यायची, बिल्डिंगखालच्या कुत्र्याला भ्यायची, प्रेशर कुकरची शिट्टी तिसऱ्यांदा अडकली तरी भ्यायची, आणि या सगळ्याची घरात यथेच्छ चेष्टा होत असल्यामुळे तिला स्वतःलाही आपली भीती म्हणजे एक घरगुती गंमत वाटत आली होती. ही भीती तशी नव्हती. लिथुआनिया हा देश तिला सलिल तिकडे गेला तेव्हा नकाशात चष्मा लावून शोधावा लागला होता. केवढासा तो, आणि त्याच्या उजव्या अंगाला, थेट रशियापर्यंत, काय काय पसरलेलं. गेल्या काही महिन्यांत सरहद्दीपलीकडून कसले फुगे यायचे आणि विमानतळ बंद व्हायचा, कधी ड्रोन भरकटायचं, आणि सलिल म्हणायचा, आई, हे असं चालतंच. आणि येत्या गुरुवारी तिला स्वतःला तिकडे जायचं होतं. शालनताई परत येणार होत्या आणि पुढचे तीन महिने मंदाकिनीचे होते.

हे ठरलं होतं ठाकुर्लीला, शालनताईंच्या घरी. वैशालीला दिवस गेल्याचं कळल्यावर मंदाकिनी आणि तिचा नवरा त्र्यंबक पेढे घेऊन गेले होते. पहिलं बाळंतपण आईकडे, ही रीत. पण वैशालीला प्रवास नको म्हटलेला, तेव्हा आईनंच तिकडे जायचं. व्हिसा तीन महिन्यांचा. शालनताई महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या, शेकड्यांनी पोरं न्हाऊमाखू घातलेली बाई. त्या बोटांवर हिशोब करत म्हणाल्या, "पहिले तीन महिने मी निभावते. पुढचे तीन तुम्ही या. तोवर बाळ सहा महिन्यांचं होईल, मग तिथलं पाळणाघर घेईल त्याला." मंदाकिनी म्हणाली, "अहो, हे काय सांगायला हवं? नक्की येणार मी. तब्येतीनं साथ दिली की झालं." शालनताईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, संशयानंही नाही. बाजारात भाजीवालीनं 'ताजी आहे' म्हटल्यावर आपण जसं जुडीकडे बघतो तसं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी बुद्धाची, आणि खाली वैशालीच्या वडिलांची, जगनरावांची, जिला अजून नवा हार होता. जगनरावांच्या अंत्ययात्रेला मंदाकिनी गेली होती. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मात्र जमलं नव्हतं. रविवार होता आणि रेल्वेचा मेगाब्लॉक होता. नौपाड्यातून ठाकुर्लीला जायला मेगाब्लॉक आड येतो हे खरंच आहे, आणि रिक्षानं जाता येतं हेही खरं आहे. शालनताई तेव्हा फोनवर "असू द्या" एवढंच म्हणाल्या होत्या. तो विषय पुन्हा कधी कोणी काढला नाही.

दुपारी तिनं डिंक तळायला घेतला. वैशालीसाठी लाडू न्यायचे होते. कढईत डिंकाचा खडा फुलतो तेव्हा बारीक फटफट आवाज होतो, आणि त्या आवाजानं ती दोनदा दचकली, स्वतःच्याच स्वयंपाकघरात. लहानपणी, एकाहत्तरच्या डिसेंबरात, याच नौपाड्यातल्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. खळीचा वास यायचा. भोंगा वाजला की दिवे बंद, आणि सगळी चाळ गॅलरीत येऊन कुजबुजायची, जणू मोठ्यानं बोललं तर विमानाला ऐकू जाईल. ती दहा वर्षांची होती. एक गोष्ट तिला अजून लख्ख आठवत होती: मोठी माणसं एकच वाद घालायची, रशिया येणार की नाही. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय, आणि रशियानं ऑगस्टमध्ये आपल्याशी करार केलाय, तर आता रशिया येणार की नाही. तिचे वडील म्हणायचे, येणार, सही केली आहे. समोरच्या खोलीतले एक काका म्हणायचे, सहीला काय होतं, मी पण बायकोशी लग्न करताना सही केली आहे. माणसं अंधारात दबून हसायची. तिला वाटायचं रशिया म्हणजे पुष्कळ उंच माणसं असणार आणि ती स्टेशनकडून चालत येणार, आणि ती जागी राहून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकायची. पुढे वडिलांनी सांगितलं, रशियाची जहाजं आली होती. आली म्हणून बाकीचे मागे फिरले. वडिलांना त्याचा एवढा आनंद की जणू जहाजं त्यांनी स्वतः बोलावली होती. आणि आता तेच. ज्यांनी यावं म्हणून तेव्हा चाळ जीव टाकत होती, त्यांनी येऊ नये म्हणून ती आता चौसष्टाव्या वर्षी कढईपुढे उभी होती, आणि कोणी दुसऱ्यांनी यावं म्हणून. डिंक करपला.

त्र्यंबकचं मत पक्कं होतं. त्र्यंबकचं प्रत्येक बाबतीत मत पक्कं असायचं, आणि निवृत्तीनंतर ते ऐकायला मंदाकिनीशिवाय कोणी उरलं नसल्यामुळे ते अधिकच पक्कं झालं होतं. "कोणी येत नसतं," तो पेपर खाली न घेता म्हणायचा. "पोलंडला इंग्रज-फ्रेंचांनी लेखी दिलं होतं. युद्ध पुकारलं आणि बसून राहिले. पोलंड संपला. युक्रेननं अणुबॉम्ब देऊन टाकले आणि बदल्यात कागद घेतला." "मग सलिल?" ती विचारायची. "सलिलचं काय? तिथं काही होत नाही." ही दोन वाक्यं एकाच तोंडातून कशी निघतात हे तिला कळायचं नाही. काही होणार नसेल तर कोणी यायचा प्रश्न नाही, आणि कोणी येणारच नसेल तर काही व्हायला वेळ किती. गुडघ्यामुळे त्र्यंबकला जायचं नव्हतं, त्यामुळे त्याला तत्त्वचिंतन परवडत होतं. सलिलचं मत उलट. तो म्हणायचा, "आई, करार आहे. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर. जर्मनांची फौज इथं राहायला येतेय, बायकामुलांसकट. त्यांची मुलं आमच्या पार्कात झोके घेणार आहेत. ते आल्याशिवाय राहतील का?" हे मंदाकिनीला पटायचं. स्वतःची मुलं जिथं ठेवली तिथं माणूस धावून जाणारच. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती जर्मन मुलांना झोक्यावर बसवायची, एकेकाला, आणि तेवढ्यावर तिला झोप लागायची.

पण गेल्या महिन्यात ती व्याख्यानाला गेली आणि ती झोप गेली. सभागृहात नेहमीचेच लोक होते, पहिल्या रांगेत शाली, मागे स्वेटर. वक्ते होते प्राध्यापक चांगदेव भोईर, मूळचे कल्याणचे, साधा माणूस, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं. विषय होता 'मित्रराष्ट्रं शब्द पाळतात का?' तिला वाटलं होतं, शेवटी हो किंवा नाही असं काहीतरी ऐकायला मिळेल आणि ते घेऊन घरी जाता येईल. भोईर सर म्हणाले, आधी कोणीतरी इतिहासातले करार मोजले तेव्हा निघालं की युद्धात चारांतला जेमतेम एक मित्र आला. मग दुसऱ्यांनी प्रत्येक करारात नेमकं काय लिहिलंय ते वाचून पुन्हा मोजलं, तेव्हा चारांतले तीन आले. म्हणजे माणसं वाटतात तितकी खोटारडी नसतात. ती आधीच शब्द बेतानं देतात. सभागृहात हशा पिकला. मग ते म्हणाले, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर म्हणणाऱ्या सुप्रसिद्ध कलम पाचमध्येसुद्धा लढायला येऊ असं लिहिलेलं नाही. ज्याला जी कृती आवश्यक वाटेल ती त्यानं करावी असं लिहिलंय. फौज पाठवणं ही कृती आहे, आणि काळजी व्यक्त करणं हीसुद्धा कृतीच आहे. पुन्हा हशा. मंदाकिनी हसली नाही. तब्येतीनं साथ दिली की झालं, हे स्वतःचं वाक्य तिला तिथं, शेजारच्या बाईच्या अमृतांजनाच्या वासात, जसंच्या तसं ऐकू आलं.

आणि मग सर शेवटचं बोलले, तेच खरं वाईट होतं. ते म्हणाले, एक लक्षात घ्या, ज्या करारावर शत्रूचा विश्वास असतो तिथं युद्ध होतच नाही. ते आपल्या मोजणीत येत नाही. युद्ध कुठं होतं? जिथं कोणीतरी आधीच मनाशी धरलेलं असतं की याचे मित्र काही येत नाहीत. मित्र प्रत्यक्षात येतीलही, पण तोवर लढाई सुरू झालेली असते. तेव्हा मित्र येतो की नाही यापेक्षा तो येईल असं वाटतं की नाही यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. टाळ्या झाल्या, आभार झाले, खाली चहा आणि बिस्किटं. मंदाकिनी चालत घरी आली. गोखले रोडवर दिवे, दुकानं, भाज्या, सगळं होतं तसंच होतं, आणि तिला वाटत होतं की आपण कुठंतरी उघड्यावर उभ्या आहोत आणि आपल्याला कोणीतरी लांबून जोखतंय. तो शत्रू होता की शालनताई होत्या हे तिला ठरवता येत नव्हतं.

तेव्हापासून ती गुरुवारकडे बघत नव्हती. बॅग भरत होती, लोकरीचे मोजे, भाजणी, बाळाची दुपटी, बाळंतशेपा. पण बॅग भरणारी बाई एक आणि मंदाकिनी दुसरी अशी काहीतरी व्यवस्था तिनं मनाशी करून टाकली होती. भरणारीला जाऊ दे. ती दुसरी मात्र सारखी कारणं शोधत होती, आणि शोधतेय हे स्वतःपासून लपवत होती. त्र्यंबकचा गुडघा हे एक कारण झालं असतं, पण त्र्यंबकनं डबा लावूनसुद्धा टाकला होता आणि आठवड्याच्या भाज्यांची चौकशीही करून ठेवली होती. थंडी हे कारण, पण थंडी उतरत चाललेली. तिला लाज वाटायची. तिथं मुलगा होता, तीन महिन्यांची नात होती, आणि ती इथं आपल्या जिवाला भीत होती. आई म्हणून हे शोभत नव्हतं. आईनं धावायचं असतं. पण खरं सांगायचं तर सलिलच्या जिवाची भीती आणि स्वतःच्या जिवाची भीती या दोन्ही तिच्या पोटात एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की एकीला हात लावला तर दुसरी ओरडायची.

म्हणून आज पाळणा हलवलेला बघितल्यावर, आणि डिंक करपल्यावर, ती डॉक्टर आसावरींकडे गेली. जवळच, दोन गल्ल्या सोडून दवाखाना. मनात एकच होतं: बीपी वाढलेलं असू दे. दंडाला पट्टा आवळला गेला, सुटला, पुन्हा आवळला. "छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरं आहे. खुशाल जा." मंदाकिनीच्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते आलं असेल. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, तिच्याकडे बघितलं आणि आवाज न बदलता म्हणाल्या, "जायचं नसेल तर तसं सांगा मावशी. मी लिहून देते. या वयात लांबचा प्रवास नको म्हणून. कितीतरी जणांना देते मी." किती सोपं होतं. मंदाकिनीला रडू आल्यासारखं झालं. तिनं होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघते, सांगते," म्हणाली, आणि बाहेर येऊन चपला घालताना तिला कळलं की आता कारण नाही असं म्हणायचीही सोय उरलेली नाही. जे काही होईल ते ती ठरवणार होती.

घरी जाऊन त्र्यंबकचं तोंड बघायला नको वाटलं. पर्समध्ये शालनताईंच्या घराची किल्ली होती. त्यांनी जाताना दिलेली, "अधूनमधून खिडक्या उघडा, झाडांना पाणी घाला" म्हणून. मंदाकिनी पहिल्या महिन्यात दोनदा गेली होती, मग एकदा, मग राहून गेलं. झाडं मेली असणार. निघण्यापूर्वी ते तरी बघून यावं, आणि तिथून, त्या घरातून, फोन करावा. दोन वाक्यं तिच्या तोंडात तयार होती. एक, 'मी येतेय गं, सगळं भरून झालं.' दुसरं, 'डॉक्टर नको म्हणतायत.' ठाकुर्लीला उतरून ती चालत निघाली तेव्हा दोन्ही वाक्यं सारख्याच वजनाची होती. यातलं कोणतं बाहेर पडेल हे तिला खरोखर माहीत नव्हतं. याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती, लिथुआनियापेक्षाही. चौसष्ट वर्षं या बाईच्या आत राहून ही बाई काय करील ते आपल्याला सांगता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावर शालनताईंचं दार उघडं होतं. आतून ड्रिलचा आवाज येत होता. क्षणभर तिला वाटलं चोर, आणि मग वाटलं चोर ड्रिल कशाला करेल. आत शिडीवर एक माणूस चढलेला, छताला भोक पाडत होता, आणि खाली पदर नाकाला लावून शेजारच्या हौसाबाई उभ्या होत्या. ठाकुर्लीच्या जुन्या गावातल्या, आगरी, शालनताईंच्या वयाच्या. "या गो बाई, या," त्या म्हणाल्या. "धूल उरते, तिकडं हो जरा." मंदाकिनीनं हातातली किल्ली तशीच धरून ठेवली. "तुम्ही कशा आत आलात?" "माझ्याकडं हाय ना चावी. जाताना दिलेली शालननी. बोलली, यांना जमलं नाय तर तू बघ." खिडकीतल्या कुंड्यांमधली झाडं हिरवीगार होती, मातीसुद्धा ओली होती. मंदाकिनी त्या मातीकडे बघत राहिली. "आणि हे काय चाललंय?" तिनं विचारलं. हौसाबाईंनी छताकडे बोट केलं. "झोलीचा हुक. पोरीला झोली नको काय? शनवारी येतेय ना पोर, आजीसंगती. तुमाला नाय सांगितला?"

ड्रिल थांबलं. शिडीवरचा माणूस खाली उतरला, हुक ओढून बघितला, त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं, आणि "पक्का बसला" म्हणून सामान आवरायला लागला. हौसाबाई त्याला चहा द्यायला आपल्या घरी घेऊन गेल्या. मंदाकिनी धुळीनं भरलेल्या कॉटवर बसली आणि तिनं फोन लावला. तिनं फोन उशीला टेकवून ठेवला. वैशालीनं उचलला. मंदाकिनी काही बोलण्याआधीच तिनं मागची भिंत ओळखली, माहेरची, आपल्या घराची, आणि तिचा चेहरा बदलला. "आई, तुम्ही ठाकुर्लीला?" मग ती आत वळून "सलिल" म्हणाली, आणि मग दोघंही दिसायला लागली, आणि त्यांच्यामागे श्रियाला खांद्यावर घेऊन शालनताई. "आम्ही आज सांगणारच होतो," सलिल म्हणाला. "बाळाला मम्मींबरोबर पाठवतोय. सहा महिने, वर्षभर, बघू. तुझं तिकीट बदलून घेता येईल, त्याची काळजी करू नको."

"कधी ठरलं हे?" मंदाकिनीनं विचारलं. वैशाली म्हणाली, "तिचा पासपोर्ट आला तेव्हाच. म्हणजे जानेवारीतच." "आणि मी? माझे तीन महिने?" ते वाक्य बोलल्यावर तिला स्वतःचाच आवाज लहान मुलीसारखा वाटला. "आई, तुम्हाला अवघड होणार हे आम्हाला दिसत होतं," वैशाली म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही टोचणी नव्हती, असती तर बरं झालं असतं. "मम्मी म्हणाली, त्यांना विचारत बसू नको, उगाच त्यांना नाही म्हणायची वेळ येईल. तुमच्यावर ती वेळ नको म्हणून." खांद्यावरून श्रियानं मान उचलली आणि फोनकडे, किंवा फोनच्या उजेडाकडे बघितलं. तोंडात तयार असलेली दोन्ही वाक्यं मंदाकिनीनं शोधली. एकही सापडेना. यांनी विचारलंच नाही, आणि आता ती काय म्हणाली असती हे कधीच, कोणालाच कळणार नव्हतं. तिला वाटलं ओरडून सांगावं की मी येणार होते. पण ते खरं आहे का हे तिला ठाऊक नव्हतं, आणि समोरच्या तिघांनी ते इतक्या समजूतदारपणे सोडून दिलं होतं की आता ते बोलणं म्हणजे त्यांच्या चांगुलपणावर भांडण काढल्यासारखं झालं असतं.

ती सलिलकडे वळली. त्याच्या गालांवर दोन दिवसांची दाढी होती. "तू तर म्हणत होतास, करार आहे. ते येतील म्हणत होतास." "येतील गं," सलिल म्हणाला. "मी अजूनही म्हणतो, येतील." त्यानं बायकोकडे बघितलं. "पण ते येईपर्यंत हिला कुठं ठेवू?" मंदाकिनीला आता कळलं की हा मुलगा रोज सकाळी हसत हसत बाबांचा गुडघा विचारत होता तेव्हासुद्धा भ्यालेला होता, तिच्याइतकाच, कदाचित अधिक. हा भित्रेपणा त्यानं तिच्याकडूनच घेतला असणार. "मग तुम्ही दोघं पण या," ती म्हणाली. "या ना रे सगळेच." "बघू आई," सलिल म्हणाला. "आत्ता लगेच नाही. आमचं काम आहे इथं. आणि सगळे निघून गेले तर कसं होणार." यापुढचं जे काही होतं ते तिला सबंध दिसत होतं: बाळ इथं, छताच्या हुकाखाली, आणि ही दोघं तिथं, त्या पॅसेजमध्ये, दोन भिंतींच्या मध्ये, अंगाला अंग लावून. तिनं कॉटची कड घट्ट धरली आणि ते दृश्य जाईपर्यंत धरून ठेवली, पण ते गेलं नाही.

"आई," वैशाली म्हणाली, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "ती माझ्याशिवाय कधी झोपलेली नाहीये. मम्मी एकटीच असणार, तिचंही वय झालंय. दुपारी तरी, दोन-तीन तास, तुम्ही ठाकुर्लीला याल का? रोज?" खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. खोलीत सिमेंटची धूळ अजून खाली बसत होती, मंदाकिनीच्या साडीवर, हातांवर, हिरव्यागार पानांवर. आयुष्यात इतक्या मनापासून तिनं काही म्हटलं नव्हतं.

"येईन," ती म्हणाली. "रोज येईन."

तिघंही फोनमध्ये दिसत होती. सलिल खाली बघत होता. वैशालीनं मान हलवली आणि ओढणीनं डोळे पुसले. शालनताईंनी श्रियाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "या की मंदाताई. मी हौसाबाईलाही सांगून ठेवते."